पाणीबचत, घरगुती

घरात व घराभोवतीच्या बागेत लागणारे पाणी प्रत्येक कामासाठी आवश्यक तेवढेच व त्या कामाला साजेशा दर्जाचे वापरणे, एकदा वापरलेले पाणी शक्य तेथे दुसऱ्या कामासाठी उपयोगात आणणे आणि छपरावर पडणारे पावसाचे पाणी साठविणे वा जमिनीत मुरविणे, या सर्वांचा समावेश घरगुती पाणीबचतीत होतो. स्वच्छतेत किंवा आरोग्यात काटछाट करणे हा तिचा हेतू नाही. घरातील पाण्याचा मोठा भाग कोणाच्याही उपयोगी न पडता गटारात जातो. हा भाग ओळखणे व रोखणे हे या विषयाचे मुख्य सूत्र होय.

भारतात उपलब्ध पाण्याचा सर्वांत मोठा वाटा शेतीच्या सिंचनाकडे जातो. घरगुती वापराचा वाटा त्या मानाने लहान आहे. तथापि घरी येणारे पाणी धरणातून किंवा नदीतून उपसून, शुद्ध करून व दूरवर वाहून आणलेले असते. त्यामुळे त्याचा दर लिटरमागील खर्च अधिक असतो आणि ते तुटले, तर दुसऱ्या कोणत्याही वस्तूने त्याची उणीव भरून काढता येत नाही. शिवाय घरी पुरविलेल्या पाण्यापैकी सु. ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन परत जाते. म्हणून पाण्याची बचत ही सांडपाणी वाहून नेण्याच्या व शुद्ध करण्याच्या खर्चाचीही बचत ठरते.

पार्श्वभूमी : नळ येण्यापूर्वी महाराष्ट्रातील घरांत आड, विहीर, नदी किंवा सार्वजनिक हौद यांतून पाणी भरावे लागे. पुण्यात अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने पाणी आणून ते पेठांतील हौदांत खेळविण्यात आले होते. मात्र हौदापासून घरापर्यंत ते घागरी-हंड्यांतूनच जाई. पोहऱ्याने शेंदलेले व कडेवरून वाहिलेले पाणी जपून वापरले जाणे स्वाभाविक होते. ‘प्यायचे पाणी’ व ‘वापरायचे पाणी’ असा भेद घरोघर पाळला जाई. पहिले माठात व पिंपात, तर दुसरे रांजणात व हौदात असे. न्हाणीचे व मोरीचे पाणी परसात सोडलेल्या पन्हळीतून अळू, केळी व कर्दळ यांच्या आळ्यांत जाई. तांदळाचे धुवण गुरांना मिळे. म्हणजे एकच पाणी घराबाहेर पडण्यापूर्वी दोन-तीन कामे करीत असे. या काटकसरीमागे मुख्यतः स्त्रियांचे कष्ट होते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

मुंबईस १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने मिळू लागले आणि पुढे इतर शहरांतही नळयोजना झाल्या. पाणी वाहण्याचे कष्ट कमी झाले, ही मोठीच सुधारणा होती. परंतु कष्टाबरोबर मोजमापही गेले. हंडे मोजता येतात, उघड्या नळाचे पाणी मोजले जात नाही. आधुनिक पाणीबचतीत जुने कष्ट परत न आणता हे मोजमाप परत आणावे लागते.

गरज व तिचे प्रमाण : भारतीय मानकानुसार मलनिःसारण व्यवस्था असलेल्या शहरात दर माणशी दर दिवशी १३५ लि. पाणी धरले जाते. त्याची रूढ विभागणी पुढीलप्रमाणे आहे : स्नान ५५ लि., शौचकूप धुणे ३० लि., कपडे धुणे २० लि., भांडी घासणे १० लि., घर धुणे-पुसणे १० लि., स्वयंपाक ५ लि. व पिणे ५ लि. ग्रामीण भागासाठी २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने दर माणशी ५५ लि. हे प्रमाण ठरविले आहे. शहरी विभागणीतील एकट्या स्नानाइतके पाणी ग्रामीण माणसाच्या सर्व गरजांसाठी धरले आहे, ही तुलना बोलकी आहे. या आकड्यांवरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते : पिण्याच्या दर्जाचे पाणी केवळ १० लि. लागते, स्नान व शौचकूप यांतच एकूण पाण्यापैकी जवळजवळ दोन तृतीयांश पाणी खर्च होते. म्हणून पिण्याच्या पेल्यात पाणी कमी ओतण्यापेक्षा या दोन ठिकाणी लक्ष दिल्यास अधिक फळ मिळते.

पाणी तुटल्यावर काय होते, याचे उदाहरण लातूर शहराने दिले. मांजरा धरण कोरडे पडल्याने १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली रेल्वेगाडी १० वाघिणींतून सु. ५ लाख लि. पाणी घेऊन लातूरला पोहोचली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सु. ३.८ लाख होती. म्हणजे या फेरीचे पाणी सर्वांना वाटले असते, तर दर माणशी सव्वा लिटरच्या आसपास आले असते. पुढे ५० वाघिणींच्या गाड्यांनी एका फेरीत सु. २५ लाख लि. पाणी आणले, तेही दर माणशी साडेसहा लिटरच भरते. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहरात १ फेब्रुवारी २०१८ पासून दर माणशी दर दिवशी ५० लि. ही मर्यादा घालण्यात आली आणि शहराचा दैनंदिन वापर तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातील वापराच्या निम्म्यापर्यंत खाली आला. नळ सरसकट बंद करण्याची वेळ त्यामुळे टळली व पुढील पावसाळ्याने धरणे सावरली. घरगुती बचतीने एक शहर टंचाईतून निभावू शकते, परंतु ती धरण रिकामे होण्यापूर्वी सुरू व्हावी लागते, असा बोध या दोन उदाहरणांतून मिळतो.

गळती : घरातील सर्वांत निरुपयोगी खर्च गळतीचा होय. १५ ते २० थेंबांचा १ मिलि. धरल्यास दर सेकंदास एक थेंब गाळणारा नळ दिवसाला सु. ४ ते ६ लि. पाणी वाया घालवितो. नळाची बारीक धार लागलेली असल्यास नुकसान पुष्कळच वाढते. एक लिटरचे भांडे अशा धारेखाली पाच मिनिटांत भरत असेल, तर दिवसाला २८८ लि., म्हणजे मानकाप्रमाणे दोन माणसांना पुरेल एवढे पाणी जाते. बहुतेक वेळा कारण केवळ नळातील झिजलेला वायसर हे असते.

शौचकूपाच्या टाकीची गळती दिसत नाही व ऐकूही येत नाही. टाकीतील पाण्यात थोडा खाण्याचा रंग टाकून पंधरा-वीस मिनिटे ती वापरू नये. भांड्यात रंग उतरल्यास टाकीची झडप गळते असे समजावे. भूमिगत नळांची गळती ओळखण्यासाठी रात्री सर्व नळ बंद करून व टाक्या भरून घेऊन जलमापकाची नोंद करतात व पहाटे पाणी वापरण्यापूर्वी ती पुन्हा पाहतात. आकडा पुढे सरकला असल्यास कोठे तरी गळती आहे हे निश्चित. गच्चीवरील टाकी भरून वाहणे हीदेखील एक गळतीच आहे. बॉल कॉक म्हणून ओळखली जाणारी तरंगत्या गोळ्याची झडप चालू स्थितीत ठेवल्यास ती थांबते.

स्नानगृह व शौचकूप : फवाऱ्यातून मिनिटास साधारणपणे ८ ते १२ लि. पाणी पडते, पाच मिनिटांच्या स्नानास ४० ते ६० लि. लागतात. बादली व तांब्याच्या स्नानास १५ ते २० लि. पुरतात. फवारा वापरावयाचा असल्यास कमी प्रवाहाचा निवडावा व साबण लावताना तो बंद ठेवावा. गरम पाण्याचा नळ सोडल्यावर सुरुवातीस येणारे थंड पाणी बादलीत धरावे. दात घासताना वा दाढी करताना नळ उघडा न ठेवता पेला किंवा मग वापरावा. नळाच्या तोंडाशी जाळीदार वायुमिश्रक बसविल्यास धार भरीव भासते, पण प्रवाह निम्म्याहूनही कमी करता येतो.

शौचकूपाच्या जुन्या टाक्या एका वेळी १० लि. किंवा अधिक पाणी सोडतात. दोन कळांची टाकी १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात प्रचारात आली. तिच्या आजच्या प्रकारात मोठ्या कळीने ६ लि. व लहान कळीने ३ लि. पाणी सुटते. दिवसातून पाच वेळा वापर धरल्यास जुन्या टाकीत ५० लि., तर नव्या टाकीत एकदा मोठी व चार वेळा लहान कळ वापरून १८ लि. खर्च होतात. टाकी बदलणे शक्य नसल्यास पाण्याने भरलेली एक लिटरची बंद बाटली आत उभी ठेवावी. दर खेपेस एक लिटर वाचतो. वीट ठेवू नये. ती विरघळून झडपेत माती अडकते. ग्रामीण शौचालयांसाठी तयार केलेल्या तीव्र उताराच्या भांड्यास १.५ ते २ लि. पाणी ओतलेले पुरते.

स्वयंपाकघर व धुणे : भांड्यांतील खरकटे आधी काढून ती वाहत्या नळाखाली न घासता दोन घमेल्यांत धुतल्यास पाणी बरेच वाचते. भाज्या पातेल्यात धुवाव्यात. ते पाणी व तांदूळ-डाळींचे धुवण कुंड्यांना घालता येते. यंत्रांपैकी समोरून कपडे भरावयाच्या धुलाई यंत्रास वरून भरावयाच्या यंत्रापेक्षा कमी पाणी लागते. मात्र कोणतेही यंत्र पूर्ण भरल्याशिवाय चालवू नये. व्यस्त परासरणावर चालणारी जलशुद्धीकरण यंत्रे, म्हणजे बोलीभाषेतील ‘आरओ’, शुद्ध पाण्याबरोबर क्षारयुक्त पाणी बाहेर टाकतात. साध्या घरगुती यंत्रांत टाकलेले पाणी शुद्ध पाण्याच्या दुप्पट-तिप्पट असू शकते. मूळ पाणी खारट नसेल, तर अशा यंत्राची गरजच नसते. असल्यास टाकलेले पाणी लादी पुसण्यास व भांडी विसळण्यास वापरावे. झाडांना ते सतत घातल्यास मातीत क्षार साठतात. याउलट वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षारविरहित असल्याने झाडांना चालते.

साठवण व ‘शिळे’ पाणी : ठराविक वेळीच नळ येणाऱ्या गावांत आदल्या दिवशी भरलेले पाणी ‘शिळे’ समजून ओतून देण्याची व ताजे भरण्याची सवय आढळते. अन्नाप्रमाणे पाणी एका दिवसात शिळे होत नाही. स्वच्छ, झाकलेल्या भांड्यातील व हात न बुडविता ओगराळ्याने वा तोटीने काढलेले पाणी दुसऱ्या दिवशीही पिण्यास योग्य राहते. दूषित होते ते उघडे भांडे, बुडविलेले हात व न घासलेला तळ यांमुळे. भांडे रिकामे करण्यास मात्र एक खरे कारण आहे. डेंग्यूचा प्रसार करणारा ईडिस डास स्वच्छ साठवणीच्या पाण्यात अंडी घालतो व अंड्यापासून डास तयार होण्यास सु. ७ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सर्व भांडी व टाक्या रिकाम्या करून घासून कोरड्या कराव्यात. पण हे पाणी मोरीत न ओतता बागेला किंवा लादी धुण्यास द्यावे. रोज ओतणे ही नासाडी, तर कधीच न ओतणे हा रोगाला आश्रय होय.

सांडपाण्याचा पुनर्वापर : स्नानाचे व कपडे विसळल्याचे पाणी शौचकूपाच्या सांडपाण्याहून पुष्कळ स्वच्छ असते. ते वेगळ्या नळीने नेल्यास बागेसाठी व शौचकूपात ओतण्यासाठी वापरता येते. बागेत सोडण्यापूर्वी ते गोटे, खडी व वाळू यांच्या थरांतून गाळावे. कर्दळीच्या वाफ्यातून ते वाहू दिल्यास आणखी निवळते. याबाबत काही पथ्ये आवश्यक आहेत : (१) असे पाणी एक दिवसाहून अधिक साठवू नये, त्यास दुर्गंधी येते. (२) कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर, मुळा यांसारख्या भाज्यांना ते घालू नये. (३) ते पानांवर न शिंपडता आळ्यात सोडावे. (४) धुण्याच्या चूर्णातील सोडियममुळे काळ्या मातीचा पोत बिघडतो व ती चिकट आणि चोपण होते. म्हणून पहिले फेसाळ पाणी टाळून विसळल्याचे पाणी घ्यावे व अधूनमधून साधे पाणी द्यावे. (५) आजारी माणसाचे वा तान्ह्या मुलाचे मळलेले कपडे धुतलेले पाणी बागेत वापरू नये. बाग नसल्यास शोषखड्ड्याने हे पाणी जमिनीत मुरविता येते. मात्र तो पिण्याच्या विहिरीपासून पुरेसा दूर असावा.

परसबाग : बागेतील पाणी बाष्पीभवन, निचरा व अवेळी सिंचन यांमुळे वाया जाते. सर्वाधिक पाणी हिरवळीला लागते. उन्हाळ्यात दख्खनच्या पठारावर हिरवळीतून दर दिवशी सु. ५ ते ७ मिमी. पाणी हवेत जाते. १ चौ. मी. क्षेत्रावर १ मिमी. पाणी म्हणजे १ लि.; या हिशोबाने ५० चौ. मी. हिरवळीस दिवसाला २५० ते ३५० लि. पाणी लागते. म्हणजे शोभेचा हा लहानसा तुकडा दोन माणसांचे पाणी पितो. त्याऐवजी कण्हेर, बोगनवेल, सदाफुली, कोरफड, अडुळसा, गोकर्ण यांसारखी शोभेची व औषधी झाडे आणि कढीलिंब, शेवगा, सीताफळ यांसारखी उपयुक्त झाडे लावल्यास मुळे धरल्यानंतर त्यांना थोडे पाणी पुरते. पाण्याची गरज सारखी असलेली झाडे एकत्र लावावीत. कोरफडीशेजारी अळू असल्यास एकाला जास्त किंवा दुसऱ्याला कमी पाणी मिळते.

पाणी सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर द्यावे. दररोज वरवर शिंपडल्याने मुळे पृष्ठभागाशीच राहतात व एक दिवस पाणी चुकताच झाड मान टाकते. काही दिवसांच्या अंतराने खोलवर भिजविल्यास मुळे खाली जातात. बोट मातीत सु. ५ सेंमी. खुपसून ओल लागली, तर पाणी देऊ नये. रबरी नळीतून मिनिटास १५ लि. पाणी येत असल्यास पंधरा मिनिटांत २२५ लि. खर्च होतात; झारीने पाणी घातल्यास ते मोजून घातले जाते. वाहन धुण्यासही हाच नियम लागू पडतो : नळीऐवजी बादली व फडके वापरावे.

मातीवर पालापाचोळा, उसाचे पाचट किंवा नारळाच्या सोडणाचा भुसा यांचे ५ ते ८ सेंमी. जाडीचे आच्छादन केल्यास बाष्पीभवन घटते, तण कमी होते व कुजल्यावर खत मिळते. शेणखत व कंपोस्ट यांमुळे मुरमाड मातीचीही पाणी धरण्याची शक्ती वाढते. लहान बागेसाठी मडका सिंचन विशेष सोयीचे आहे. न भाजलेल्या मातीचे नव्हे, तर भाजलेले पण झिलई नसलेले मडके झाडाशेजारी गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरतात व तोंड झाकतात. माती कोरडी पडेल तसे पाणी मडक्याच्या छिद्रांतून पाझरते. माती ओली असल्यास पाझर मंदावतो. झाड आपल्या गरजेपुरतेच पाणी ओढून घेते. चीनमधील इ. स. पू. पहिल्या शतकातील कृषिग्रंथात या पद्धतीचे वर्णन आढळते. कुंड्या अधिक असल्यास किंवा घरी कोणी नसताना ठिबक संच उपयोगी पडतो [⟶ ठिबक सिंचन].

पर्जन्यजल : १०० चौ. मी. छपरावर १ मिमी. पाऊस पडल्यास १०० लि. पाणी मिळते. पुण्याप्रमाणे वर्षाला सु. ७०० मिमी. पाऊस धरला व त्यापैकी ८० टक्के पाणी हाती लागले, तर अशा छपरावरून ५६,००० लि. पाणी मिळेल. पाच माणसांच्या कुटुंबास मानकाप्रमाणे ते ८० दिवसांहून अधिक पुरेल. मात्र महाराष्ट्रात बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. तो सर्व साठविण्याइतकी टाकी सामान्य घरास परवडत नाही. म्हणून ५,००० लि. सारखी टाकी भरून घेणे व उरलेले पाणी गाळून विहिरीत किंवा कूपनलिकेत सोडणे, असा दुहेरी मार्ग व्यवहार्य ठरतो. पहिल्या पावसाचे पाणी धूळ, पक्ष्यांची विष्ठा व पाने यांमुळे दूषित असते, १०० चौ. मी. छपरामागे सु. २०० लि. पाणी वेगळे सोडून द्यावे.

पुनर्भरणाचे फळ भूस्तरावर अवलंबून असते. राज्याचा बहुतांश भाग बेसाल्ट खडकाचा असून त्याच्या भेगांत व विदारित थरांतच पाणी साठते. तेथील विहिरी लवकर भरतात व लवकर आटतात. कोकण व गोव्यात पाऊस विपुल असला, तरी सच्छिद्र जांभ्यातून पाणी झपाट्याने समुद्राकडे निघून जाते व एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात. तेथे मुरविण्याबरोबरच टाकीत साठविण्यास अधिक महत्त्व आहे. तमिळनाडूने २००३ मध्ये सर्व इमारतींना पर्जन्यजल संकलन सक्तीचे केले. तरी २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईचे मुख्य जलाशय कोरडे पडले. पन्हळी व गाळण दरवर्षी पावसाळ्यापूर्वी साफ न केल्यास संकलनाची व्यवस्था केवळ नकाशावरच राहते [⟶ भूजल].

मोजमाप व मर्यादा : अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे दरवर्षी पडलेल्या पावसावरून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविली जातात. हीच रीत घरालाही लावता येते. आठवडाभर जलमापकाची किंवा टाकी भरल्याच्या वेळांची नोंद ठेवून तिला दिवस व माणसे यांनी भागल्यास दर माणशी वापर कळतो. तो मानकाहून बराच अधिक असल्यास प्रथम गळती, मग शौचकूप, नंतर स्नान व बाग या क्रमाने शोध घ्यावा.

घरगुती बचतीला काही मर्यादाही आहेत. नगरपालिकेच्या जलवाहिन्यांतील गळती घरमालक थांबवू शकत नाही. पाणीपट्टी सरसकट असेल व जलमापक नसतील, तर बचत करणारा व न करणारा सारखीच रक्कम भरतात. वाचलेले पाणी नळाच्या शेवटच्या टोकाला असलेल्या वस्तीस आपोआप मिळते असेही नाही. त्यासाठी वाटपाची न्याय्य व्यवस्था लागते. शिवाय जेथे दर माणशी २०-२५ लि. पाणीही मिळत नाही, तेथे बचतीचा उपदेश गैरलागू ठरतो. तेथे गरज पुरवठा वाढविण्याची असते. पाणीबचतीचे उत्तरदायित्व वापराच्या प्रमाणात असते. ते प्रथम भरपूर पाणी मिळणाऱ्या घरांवर येते. धरण भरलेले असताना अशा घरांनी केलेली बचत उन्हाळ्याच्या अखेरीस सर्व गावाच्या उपयोगी पडू शकते [⟶ पाणीपुरवठा].